कॉर्टेक्स-एमसाठी कंपायलर-आरटी बिल्ड करताना

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगर या भागांत फाउंड्रींच्या जोडीने हीट ट्रीटमेंटचेही काम चालते, आणि त्या भट्ट्यांच्या पॅनेलमध्ये बसणारे तापमान नियंत्रक आम्ही तयार करतो. नव्या नियंत्रकात एआरएमच्या कॉर्टेक्स-एम४एफ गाभ्याचा (प्रोसेसरचा) मायक्रोकंट्रोलर असतो, तर जुन्या पॅनेलमध्ये अजून कॉर्टेक्स-एम० चालू आहे. दोन्हींचे फर्मवेअर (चिपमध्ये कायम राहणारा प्रोग्रॅम) आम्ही आता क्लँग या कंपायलरने कंपाइल करतो आणि त्यासाठी लागणारी रनटाइम लायब्ररी, म्हणजे एलएलव्हीएम प्रकल्पातल्या कंपायलर-आरटीचा ‘बिल्टइन्स’ हा भाग, स्वतः क्रॉस-कंपाइल करतो, म्हणजे आपल्या संगणकावर (होस्टवर) वेगळ्याच प्रोसेसरसाठी (टार्गेटसाठी) तयार करतो. या कामात माणूस कुठे कुठे अडकतो आणि तिथून बाहेर कसे पडायचे, ते इथे सविस्तर लिहीत आहे. दोष लायब्ररीच्या सोर्स कोडमध्ये जवळजवळ कधीच नसतो, असे माझे ठाम मत आहे. टार्गेट प्रोसेसर कोणता आहे हे आपल्याला निरनिराळ्या साधनांना वेगवेगळ्या ठिकाणी सांगावे लागते, आणि त्यातले एखादे सांगणे बाकीच्यांशी जुळत नाही. दोष त्या जागी असतो.

ही लायब्ररी लागते तरी कशाला, हे आधी स्पष्ट असले पाहिजे. के-टाइप थर्मोकपल या तापमान-संवेदकाकडून येणाऱ्या मिलिव्होल्टचे तापमानात रूपांतर करण्यासाठी जे प्रमाणित बहुपद वापरतात, त्यात ० ते ५०० अंशांच्या पट्ट्यात नवव्या घातापर्यंत पदे आहेत आणि ५०० ते १३७२ अंशांच्या पट्ट्यात सहाव्या घातापर्यंत. हे गणित आम्ही डबल प्रिसिजनमध्ये (६४ बिटांच्या दशांश संख्यांत) करतो. परंतु कॉर्टेक्स-एम४एफच्या फ्लोटिंग पॉइंट युनिटला केवळ सिंगल प्रिसिजन (३२ बिटांचे) समजते, त्यामुळे प्रत्येक डबल गुणाकाराच्या जागी कंपायलर ‘एईएबीआय डीमूल’ या फंक्शनचा कॉल घालतो आणि बेरजेच्या जागी ‘एईएबीआय डीअ‍ॅड’चा. सोर्समध्ये हे कॉल कुठेही दिसत नाहीत. कॉर्टेक्स-एम० मध्ये तर भागाकाराची सूचनाच नाही, म्हणून साधा ३२ बिटांचा भागाकारही लायब्ररीकडे जातो. एम३ आणि एम४ मध्ये ३२ बिटांचा भागाकार हार्डवेअरमध्ये होतो, पण ६४ बिटांच्या भागाकाराला तिथेही ‘एईएबीआय यूएलडिव्हमॉड’ लागतोच, आणि मायक्रोसेकंद मोजणारा ६४ बिटांचा काउंटर ज्या फर्मवेअरमध्ये आहे तिथे हा भागाकार हमखास असतो. जीसीसी या दुसऱ्या कंपायलरच्या जगात हे सगळे काम लिबजीसीसी ही लायब्ररी करते. क्लँगच्या जगात कंपायलर-आरटी.

पहिला अडथळा सीमेक या बिल्डची मांडणी करणाऱ्या साधनाच्या अगदी पहिल्या पायरीवर येतो. एक साधा चाचणी प्रोग्रॅमही या कंपायलरला कंपाइल करता येत नाही, असे सांगून सीमेक थांबतो. हा संदेश दिशाभूल करणारा आहे, कारण कंपायलर व्यवस्थित असतो. सीमेक तो चाचणी प्रोग्रॅम कंपाइल करून थांबत नाही, तो लिंकही करून पाहतो, म्हणजे तुकडे जोडून पूर्ण प्रोग्रॅम बनवून पाहतो. आणि बेअर-मेटल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या, टार्गेटसाठी या टप्प्यावर ना स्टार्टअप फाइल असते, ना सी लायब्ररी, ना बिल्टइन्स. म्हणजे जी लायब्ररी आपण बांधायला बसलो आहोत, तीच आधी हजर असल्याशिवाय बांधकाम सुरू होत नाही. यावरचा उपाय असा की सीमेकच्या ‘ट्राय कंपाइल टार्गेट टाइप’ या व्हेरिएबलची किंमत ‘स्टॅटिक लायब्ररी’ ठेवायची, म्हणजे चाचणी लिंकिंगपर्यंत जातच नाही. त्याच्या जोडीला सिस्टिमचे नाव ‘जेनेरिक’ ठेवावे, कंपायलर-आरटीचा ‘बेअरमेटल बिल्ड’ हा पर्याय चालू करावा, ‘डिफॉल्ट टार्गेट ओन्ली’ हाही चालू करावा, आणि सॅनिटायझर, एक्सरे, लिबफझर, प्रोफाइल, मेमप्रॉफ व ओआरसी हे सगळे भाग बंद करावेत.

या उपायाची एक किंमत आहे आणि ती फारसे कोणी सांगत नाही. लिंकिंगच होत नसल्यामुळे, लिंकिंगवर अवलंबून असलेली प्रत्येक तपासणी आता ‘होय’ असेच उत्तर देते. अमुक लायब्ररी आहे का? आहे. अमुक फंक्शन आहे का? आहे. लिंकरला अमुक फ्लॅग चालतो का? चालतो. म्हणून कॉन्फिगरेशन हिरवे दिसले तरी त्यातल्या अशा उत्तरांवर विसंबून पुढचे निष्कर्ष काढू नयेत. शिवाय ही उत्तरे सीमेक कॅशमध्ये जपून ठेवतो. ट्रिपल (टार्गेटचे अनेक भागांचे नाव) किंवा फ्लॅग बदलून त्याच फोल्डरमध्ये पुन्हा कॉन्फिगर केले की जुनी उत्तरे नव्या टार्गेटला चिकटतात आणि जे दिसते त्याचा अर्थच लागत नाही. बिल्ड फोल्डर पुसून टाकणे उत्तम; सीमेक ३.२४ पासून ‘फ्रेश’ हा पर्यायही त्यासाठी उपलब्ध आहे. अपयशाचे खरे कारण ३.२६ पासून ‘सीमेककॉन्फिगरलॉग’ या याम्ल फाइलमध्ये सापडते, त्याआधीच्या आवृत्त्यांत ‘सीमेकएरर’ या लॉगमध्ये. स्क्रीनवरच्या शेवटच्या चार ओळी वाचण्यापेक्षा ती फाइल उघडावी. तिच्यात सीमेकने चालवलेली आज्ञा शब्दशः असते; तीच हाताने चालवून पाहिली की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

यानंतर टार्गेट सांगण्याचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते या संपूर्ण कामातला हा सर्वांत नाजूक भाग आहे. ट्रिपल म्हणून नुसते ‘आर्म-नन-ईएबीआय’ लिहिले आणि प्रोसेसर सांगितला नाही, तर क्लँग एआरएमव्ही४टी ही फार जुनी रचना गृहीत धरतो आणि कोड एआरएम अवस्थेतल्या सूचनांत तयार करतो. कॉर्टेक्स-एम वर्गाचे सगळे प्रोसेसर मात्र फक्त थंब, म्हणजे एआरएमच्या दुसऱ्या, आटोपशीर संचातल्या, सूचना चालवतात. त्यामुळे ट्रिपलमध्येच ‘एआरएमव्ही६एम’ किंवा ‘एआरएमव्ही७ईएम’ असा स्पष्ट उल्लेख करावा आणि ‘एमसीपीयू’ फ्लॅगने गाभ्याचे नावही द्यावे. यात आणखी एक खाच आहे. सीमेकमध्ये सी भाषेसाठीचे टार्गेट आणि असेंब्लीसाठीचे टार्गेट ही दोन वेगळी व्हेरिएबल्स आहेत, आणि फ्लॅगही दोन्हींचे वेगळे असतात. बिल्टइन्सचा मोठा भाग सी मध्ये आहे, पण एआरएमसाठीच्या फोल्डरमध्ये असेंब्लीच्या बऱ्याच फाइल आहेत. असेंब्लीचे टार्गेट सांगायचेच राहिले, तर क्लँग त्या फाइल होस्टच्या एक्स८६ असेंब्लीसारख्या वाचू लागतो आणि ‘सिंटॅक्स युनिफाइड’ ही ओळच ओळखता येत नाही म्हणून एररचा पाऊस पडतो. हा प्रकार त्रासदायक असला तरी निरुपद्रवी आहे, कारण बिल्ड तिथेच थांबतो.

खरा धोका असतो तो असेंब्लीला ट्रिपल मिळाला पण प्रोसेसरचे नाव मिळाले नाही तेव्हा. बाहेरून तयार मिळालेल्या एका लायब्ररीत आम्हाला नेमके हेच आढळले, आणि तो प्रसंग बारकाईने सांगण्यासारखा आहे. त्या लायब्ररीतल्या सी फाइल थंबमध्ये कंपाइल झालेल्या होत्या, असेंब्लीच्या फाइल मात्र एआरएम अवस्थेत. फर्मवेअर लिंक करताना लिंकरने काम थांबवले नाही. बोर्ड सुरू झाला, थर्मोकपलचे तापमान बरोबर दिसू लागले, कारण डबल बेरीज आणि गुणाकार सी फाइलमधून आलेले होते. पहिली नोंद वेळेसह मेमरीत लिहिण्याची वेळ आली आणि बोर्ड हार्डफॉल्टमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या गंभीर चुकीच्या अवस्थेत, जाऊन बसला. वेळ काढण्यासाठी ६४ बिटांचा भागाकार होत होता, आणि ‘यूएलडिव्हमॉड’चे दार असेंब्लीच्या फाइलमध्ये आहे.

अशा वेळी डीबगर लावून काय पाहायचे, तेही सांगतो. कॉर्टेक्स-एम४ मध्ये फॉल्टचे कारण सांगणारे सीएफएसआर हे रजिस्टर आहे. युसेजफॉल्ट (सूचना चालवतानाच्या चुकीचा फॉल्ट) स्वतंत्रपणे चालू केलेला नसेल तर तो बढती घेऊन हार्डफॉल्ट होतो आणि एचएफएसआर या दुसऱ्या रजिस्टरचा ३० वा बिट, ‘फोर्स्ड’, उभा राहतो. मूळ कारण मात्र सीएफएसआरमध्ये शिल्लक असते. तिथे १७ वा बिट उभा असेल तर त्याचा अर्थ ‘इनव्हस्टेट’, म्हणजे प्रोसेसरला थंब सोडून एआरएम अवस्थेत जायला सांगितले गेले. लिंकरने दोन फंक्शन जोडताना थेट ‘बीएलएक्स’ ही पत्ता पोटात घेतलेली सूचना घातली असेल तर १६ वा बिट, ‘अनडेफइन्स्टर’, दिसतो, कारण एम वर्गात ती सूचनाच अस्तित्वात नाही. वरवर निरनिराळ्या दिसणाऱ्या या दोन खुणांमागचे कारण एकच असू शकते. फॉल्टच्या वेळी स्टॅकवर जे आठ शब्द आपोआप ठेवले जातात, त्यातला शेवटचा एक्सपीएसआर (प्रोसेसरच्या स्थितीचे रजिस्टर) असतो. ‘इनव्हस्टेट’च्या प्रसंगी त्याचा २४ वा बिट, म्हणजे थंबची खूण, शून्य असतो, आणि त्याच्या आधीच्या शब्दातला पीसी (सूचनेचा पत्ता) आपल्याला थेट त्या फंक्शनच्या पत्त्यावर नेतो. कॉर्टेक्स-एम० मध्ये सीएफएसआर नाही. तिथे स्टॅकवरचे हे आठ शब्द हाच काय तो पुरावा, म्हणून हार्डफॉल्ट हँडलरमध्ये ते जपून ठेवण्याची सोय प्रत्येक फर्मवेअरमध्ये असावी असा माझा आग्रह असतो.

अर्थात बोर्डवर पोचण्याआधीच हे कळू शकते. एलएलव्हीएम-रीडएल्फ या साधनाने ऑब्जेक्ट फाइलमधली सिम्बॉल (फंक्शनची नावे व पत्ते) तपासली की थंब फंक्शनच्या पत्त्याचा शेवटचा बिट १ असतो आणि एआरएम फंक्शनचा ०. फंक्शन आपल्या सेक्शनच्या आरंभी असेल, तर पत्ता १ ऐवजी निव्वळ शून्य दिसतो आणि डोळ्यांत भरतो. त्याशिवाय कोडच्या आरंभी थंबसाठी ‘डॉलर टी’ आणि एआरएमसाठी ‘डॉलर ए’ अशी मॅपिंग सिम्बॉल असतात. कॉर्टेक्स-एमच्या लायब्ररीत ‘डॉलर ए’ एकदाही दिसता कामा नये. आमच्या बिल्ड स्क्रिप्टच्या शेवटी हीच तपासणी आहे, आणि असे एकही सिम्बॉल सापडले तर स्क्रिप्ट अपयश जाहीर करते. त्याच साधनाने फाइलचे अ‍ॅट्रिब्यूटही छापता येतात: सीपीयूची रचना कोणती, प्रोफाइल मायक्रोकंट्रोलरचे आहे की नाही, थंबचा वापर किती, आणि फ्लोटिंग पॉइंटचे आर्ग्युमेंट कुठल्या रजिस्टरमधून जातात.

हा शेवटचा मुद्दा पुढच्या अडचणीचे मूळ आहे. एआरएममध्ये फ्लोटिंग पॉइंटचे आर्ग्युमेंट देण्याच्या दोन रीती आहेत. हार्ड रीतीत ते व्हीएफपी, म्हणजे फ्लोटिंग पॉइंटच्या, रजिस्टरमधून जातात, तर सॉफ्ट आणि सॉफ्टएफपी या दोन्हींत साध्या पूर्णांक रजिस्टरमधून. सॉफ्टएफपीत गणिताला हार्डवेअर वापरले जाते, पण देवाणघेवाण सॉफ्टसारखीच होते. फर्मवेअर हार्डमध्ये आणि लायब्ररी सॉफ्टमध्ये, अशी भेसळ झाली की जीएनयूचा लिंकर सांगतो की एक फाइल व्हीएफपी रजिस्टर आर्ग्युमेंट वापरते आणि दुसरी वापरत नाही. एलएलव्हीएमचा लिंकर एलएलडी ‘टॅग एबीआय व्हीएफपी आर्ग्ज’ जुळत नसल्याचे सांगतो. हा एरर दाबून टाकण्याचे पर्याय शोधत बसू नये, लायब्ररी योग्य रीतीने पुन्हा बिल्ड करावी. इथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो, कारण डिसअसेंब्ली पाहताना अनेकांना ती चूक वाटते. ‘एईएबीआय’ने सुरू होणारी फ्लोटिंग पॉइंट मदतनीस फंक्शन एआरएमच्या नियमानुसार नेहमीच मूळ, म्हणजे सॉफ्ट रीतीने आर्ग्युमेंट घेतात, मग बाकीचा प्रोग्रॅम हार्ड असला तरीही. त्यामुळे हार्ड फर्मवेअरमध्ये डबल गुणाकाराच्या आधी किमती आर० ते आर३ मध्ये हलवलेल्या दिसल्या तर ते अगदी बरोबर आहे.

हेडर फाइलबद्दल थोडक्यात. बेअर-मेटलऐवजी सवयीने लिनक्सचा ट्रिपल लिहिला गेला की क्लँग होस्टच्या हेडरकडे वळतो आणि जीलिबसी या लिनक्सच्या सी लायब्ररीची एखादी अंतर्गत फाइल सापडत नाही म्हणून थांबतो. ‘बेअरमेटल बिल्ड’ चालू नसेल तर ‘ईएमयूटीएलएस’ आणि ‘एनेबल एक्झिक्यूट स्टॅक’ या फाइलही यादीत येतात आणि पीथ्रेड किंवा एममॅपची हेडर मागतात. या दोन्ही प्रसंगी हेडर कुठून तरी आणून कॉपी करण्याचा मोह होतो, तो टाळावा. बिल्टइन्सना जी थोडी हेडर लागतात, ती क्लँगच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये आहेत आणि ‘फ्रीस्टँडिंग’ फ्लॅग दिला की तेवढी पुरतात. होस्टची एआर आणि रॅनलिब ही लायब्ररी बांधणारी साधनेही वापरू नयेत. त्यांना परकीय ऑब्जेक्ट फाइलचे स्वरूप समजले नाही तर लायब्ररी तयार होते, पण तिच्यात सिम्बॉलची सूची नसते. एलएलव्हीएमची एआर, एनएम आणि रॅनलिब ही साधने सीमेकला पूर्ण पत्त्यासह सांगावीत.

लायब्ररी तयार झाली, तरी ती क्लँगला सापडली पाहिजे. ‘आरटीलिब’ म्हणून कंपायलर-आरटी सांगून आणि नेहमीचे सगळे टार्गेट फ्लॅग देऊन ‘प्रिंट लिबजीसीसी फाइल नेम’ हा पर्याय चालवला, की क्लँग नेमकी कोणती फाइल कुठे शोधणार आहे तो मार्ग छापला जातो, फाइल तिथे असो वा नसो. अंदाजाने नावे बदलत बसण्यापेक्षा हे उत्तर पाहून फाइल त्या जागी ठेवावी. एलएलव्हीएम १६ पासून या मार्गात आवृत्तीचा फक्त मुख्य आकडा येतो, त्याआधी तिन्ही आकडे येत असत. जुन्या स्क्रिप्ट नव्या क्लँगवर मोडण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. लिंकिंगचा क्रमही महत्त्वाचा. सी लायब्ररीतला छपाईचा कोड स्वतःच भागाकाराची फंक्शन मागतो, म्हणून जीएनयूच्या लिंकरला बिल्टइन्स सी लायब्ररीच्या नंतर द्यावी लागते. एलएलडी आधी पाहिलेल्या लायब्ररींची आठवण ठेवतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न सहसा येत नाही, पण दोन्ही लिंकरवर चालेल असाच क्रम ठेवणे शहाणपणाचे आहे.

जे जीसीसी वापरतात त्यांना लिबजीसीसी बिल्ड करताना एक एरर जवळपास अटळपणे भेटतो: ऑब्जेक्ट फाइलचा प्रत्यय काढता येत नाही, कंपाइल करता येत नाही. प्रत्ययाशी त्याचा काहीही संबंध नाही. नुकताच तयार झालेला कंपायलर एकही फाइल कंपाइल करू शकला नाही एवढाच त्याचा अर्थ, आणि कारण बिल्ड फोल्डरमधल्या टार्गेटच्या नावाच्या फोल्डरात, लिबजीसीसीच्या ‘कॉन्फिग डॉट लॉग’मध्ये लिहिलेले असते. बहुतेक वेळा टार्गेटचा असेंब्लर सापडलेला नसतो, किंवा जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी या गणिताच्या शेअर्ड लायब्ररी चालवताना मिळत नाहीत.

तयार झालेली लायब्ररी तपासायची कुठे, हा प्रश्न आमच्यासाठी व्यवहाराचा आहे. भट्टीत गिअर ब्लँकचे लोड लागलेले असताना नवे फर्मवेअर चढवून पाहू द्या, असे कुठल्याही कारखानदाराला सांगता येत नाही, आणि सांगूही नये. मध्येच हीट (भट्टीतली फेरी) बिघडली तर सगळा माल भंगारात जातो. म्हणून पहिली फेरी क्यूएमू या एम्युलेटरवर होते. त्यात एमपीएस२ बोर्डाच्या एएन३८५ या प्रकारात कॉर्टेक्स-एम३ आहे, एएन३८६ मध्ये कॉर्टेक्स-एम४, आणि मायक्रोबिटमध्ये कॉर्टेक्स-एम०. कंपायलर-आरटीच्या सोर्ससोबत प्रत्येक बिल्टइनच्या छोट्या चाचण्या येतात. सेमीहोस्टिंग लावून (म्हणजे निकाल होस्टवर छापून) त्या या बोर्डांवर चालवता येतात. स्वतःच्या चाचण्या लिहायच्या असतील तर आकडे ‘व्होलटाइल’ व्हेरिएबलमध्ये ठेवावेत, नाहीतर कंपायलर भागाकार कंपाइल करतानाच उरकून टाकतो आणि लायब्ररीचे फंक्शन कधी चालतच नाही. भाज्याचे वरचे ३२ बिट भरलेले, भाजक ३२ बिटांत मावणारा आणि न मावणारा, ऋण संख्या, आणि बाकी शून्य येणारी जोडी, एवढी उदाहरणे तरी असावीत. त्यानंतर टेबलावरच्या बोर्डाला मिलिव्होल्ट सोर्स जोडून ० पासून भट्टीच्या कमाल तापमानापर्यंतचे वाचन होस्टवर काढलेल्या उत्तरांशी ताडून पाहिले जाते. भट्टीची पाळी त्यानंतरच येते.

सध्या हीच स्क्रिप्ट आम्ही आरव्ही३२आयएमसी या रिस्क-व्ही रचनेच्या गाभ्याच्या एका बोर्डासाठी वाढवत आहोत. तिथे थंब-एआरएमचा प्रश्न नाही, आणि मदतनीस फंक्शनची नावे ‘मूलडीएफ३’, ‘यूडिव्हडीआय३’ अशी येतात. पण क्लँगला रिस्क-व्हीचा ३२ बिटांचा बेअर-मेटल ट्रिपल नुसता दिला तर तो आरव्ही३२आयएमएसी गृहीत धरतो, म्हणजे ज्या गाभ्यात अ‍ॅटॉमिक सूचना नाहीत त्याच्यासाठीही त्या आहेत असे मानतो. म्हणून ‘एमआर्च’ आणि ‘एमएबीआय’ हे दोन्ही फ्लॅग सी आणि असेंब्ली या दोहोंसाठी स्पष्ट लिहिले आहेत, आणि स्क्रिप्टच्या शेवटी ‘डॉलर ए’च्या तपासणीच्या जागी प्रत्येक ऑब्जेक्टचे आर्किटेक्चर अ‍ॅट्रिब्यूट आरव्ही३२आयएमसीशी जुळते का, ही तपासणी टाकली आहे.